मुंकचं दुःख आणि मुंकची करवत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याच्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : लेख रंग, पुठ्ठा आणि छपाईच्या लाकडी ठोकळ्यांतच अडकला. मुंकची कला मनोविकारातून आली, ‘किंकाळी’ या त्याच्या प्रसिद्ध चित्रावर त्यानंच तशी कबुली लिहून ठेवलीय, चित्रांवरचे डाग त्याची बेफिकिरी दाखवतात आणि १९०८च्या उपचारांनंतर त्याच्यातला चित्रकार संपला.

दुःख खरंच होतं, त्याबद्दल वाद नाही. आई क्षयानं गेली तेव्हा, १८६८ साली, तो पाच वर्षांचा होता. १८७७मध्ये थोरली बहीण सोफी त्याच रोगानं गेली. दुसरी बहीण लॉरा मानसिक आजारानं खचली. विषय त्याला घरातूनच मिळाले. पण विषय मिळाला म्हणून चित्र होत नाही.

आधी ती कबुली. ‘किंकाळी’च्या १८९३च्या चित्रात डाव्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक लिहिलंय की हे एखाद्या वेड्यानंच काढलेलं असणार. २०२१मध्ये ऑस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयानं इन्फ्रारेड छायाचित्रं घेऊन हस्ताक्षर ताडून पाहिलं. ते मुंकचंच आहे. पण ओळ रंगाच्या वर आहे, म्हणजे चित्र पूर्ण झाल्यावरची. १८९५मध्ये क्रिस्तियानियातल्या, म्हणजे आजच्या ऑस्लोतल्या, प्रदर्शनानंतर एका जाहीर चर्चेत योहान शार्फेनबर्ग या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं त्याच्या मानसिक स्थितीवर बोट ठेवलं होतं. ओळ त्यानंतरची असावी, असं संग्रहालयाचं मत. टीका जिव्हारी लागलेल्या माणसाचे ते शब्द आहेत. चित्र कसं सुचलं, हे त्यातून कळत नाही.

‘आजारी मुलगी’ या त्याच्या चित्राचंही तसंच. सोफीची आठवण त्यात आहेच, पण उशीला टेकलेली आजारी मुलगी त्याआधी क्रिस्तियान क्रोगनं रंगवली होती आणि क्रोग हा मुंकचा मार्गदर्शक. क्रोगचं चित्र नितळ, प्रत्येक कडा स्पष्ट. मुंकनं १८८५-८६मध्ये रंगाचे थर चढवले, खरवडले, पुन्हा चढवले आणि ओल्या रंगात ओरखडे ओढले. पुढच्या चाळीसेक वर्षांत त्यानं याच रचनेची एकूण सहा तैलचित्रं केली. १८९६चं तर ओलाफ शोऊ या संग्राहकासाठी. मागणीवरून तीच रचना पुन्हा उभी करणाऱ्याला मनाच्या झटक्यात रंगवणारा कसं म्हणायचं?

खरा पुरावा मात्र वुडकटमध्ये, म्हणजे लाकडी ठोकळा कोरून त्यावरून छापलेल्या चित्रांत आहे, म्हणून लेखात ठोकळ्यांवर इतकं लिहिलं. रंगीत वुडकटची रूढ पद्धत अशी : प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा आणि कागद तितक्या वेळा दाबायचा. दर वेळी तो अचूक त्याच जागी बसावा लागतो. केसभर सरकला तरी एक रंग दुसऱ्यावर चढतो किंवा मध्ये फट पडते. मुंकनं एकच ठोकळा कोरला आणि बारीक करवतीनं आकृत्यांच्या कडेनं त्याचे तुकडे केले. प्रत्येक तुकड्यावर वेगळी शाई लावायची, तुकडे पुन्हा जुळवायचे आणि एकाच दाबात छाप घ्यायचा. रंग सरकायची भीती संपते. करवतीनं खाल्लेल्या लाकडाच्या जागी मात्र शाई नसते, तिथे पांढरी रेघ राहते.

ती रेघ त्यानं लपवली नाही, कामाला लावली. १८९९चं ‘एकाकी’ पाहा : किनाऱ्यावर पाठमोरे उभे पुरुष आणि स्त्री. ठोकळ्याचे तीन तुकडे आहेत. समुद्र वेगळा, स्त्री वेगळी, पुरुष मात्र किनाऱ्याशी जोडलेला. ती सगळ्यांपासून तुटलेली दिसते, कारण ती खरोखरच कापून वेगळी केलीय. शिवाय तुकड्यांची शाई बदलून त्याच ठोकळ्यातून वेगवेगळ्या रंगसंगतीचे छाप काढता येतात आणि त्यानं ते काढले. हा एकटेपणा कुठे कापायचा हे ठरवून केलेला आहे. ‘चुंबन’मध्ये लाकडाचे तंतू मुद्दाम उठवलेत. पॅरिसमध्ये फ्रेंच चित्रकार गोगँचे वुडकट त्याच्यासमोर होतेच. पुढे ‘ब्रुके’ या चित्रकारांच्या गटातल्या जर्मन तरुणांना त्याच्या छापचित्रांनी वाट दाखवली, ती या लाकडातूनच.

डागांबद्दल तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. तो चित्रं उन्हापावसात ठेवायचा, हे खरं. पण १८९३च्या ‘किंकाळी’वरचे पांढरे ठिपके पक्ष्याच्या विष्ठेचे नाहीत. २०१६च्या तपासणीत ते मेणाचे निघाले. ‘किंकाळी’च्या १९१०च्या नंतरच्या आवृत्तीतला पिवळा फिकट होतोय, तो अशुद्ध कॅडमियम पिवळ्यामुळे. क्लोराइड असलेला हा रंग दमट हवेत बिघडतो. २०२०च्या अभ्यासानुसार इथे उजेडापेक्षा ओलावाच जास्त मारक, म्हणून सापेक्ष आर्द्रता ४५ टक्क्यांवर जाऊ देऊ नये.

आणि १९०८. कोपनहेगनला डॉ. डॅनियल याकॉबसन यांच्या रुग्णालयातून १९०९मध्ये बाहेर पडल्यावर तो क्रागेऱ्यो या किनाऱ्यावरच्या गावी राहिला. तिथे उघड्यावरच स्टुडिओ उभारून ऑस्लो विद्यापीठाच्या सभागृहाची चित्रं त्यानं हाती घेतली. १९१६मध्ये ती लागली. त्यातला ‘सूर्य’ सुमारे साडेचार मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे. तुमची पसंती १८९०च्या दशकातल्या चित्रांना असेल, तर तो रुचीचा प्रश्न. पण हा संपलेल्या माणसाचा हात नाही.