ढास

मुंबईत ताप आला तर तो आपल्या एकट्याचा असतो. खोकला अख्ख्या सोसायटीचा. रात्री मी दुसऱ्या मजल्यावर खोकलो की सकाळी तळमजल्यावरच्या काकू जिन्यात गाठतात, "ओला की कोरडा?" आणि मी तोंड उघडायच्या आत औषध सांगून मोकळ्या होतात.

लोकलमध्ये मात्र चैन. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकलेलं असताना ढास लागली की उरलेले तिघं आपोआप खिडकीकडे सरकतात. कोविडपासून खोकल्याला जो मान आलाय, तो ज्येष्ठ नागरिकांनाही नाही.

घरात प्रत्येकाचं निदान वेगळं. बायकोचा संशय समोर उठणाऱ्या टॉवरच्या धुळीवर आणि ग्रिलमध्ये संसार थाटलेल्या कबुतरांवर. सासूबाईंचा माझ्या रात्रीच्या दह्यावर. मग अडुळसा झाला, ज्येष्ठमधाची काडी झाली, मधातून सितोपलादी, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या. मधाबाबत डॉक्टर आणि सासूबाई यांचं चक्क एकमत आहे, घसा निवतो त्याने. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र तो चाटवायचा नसतो, हे काकूंना अजून पटलेलं नाही.

नाक्यावरच्या केमिस्टने बाटली दिली. खोकला दाबणारं औषध आणि कफ सुटा करून बाहेर काढणारं औषध, दोन्ही एकाच बाटलीत! आता त्या कफाने थांबायचं की निघायचं? "अँटिबायोटिक पण देऊ का?" त्याने उदारपणे विचारलं. सर्दीपडशाचा खोकला बहुतेकदा विषाणूंचा, त्यांच्यापुढे अँटिबायोटिकचं काही चालत नाही. पण हे काउंटरवर, मागे रांग खोळंबलेली असताना कोण सांगणार?

शेवटी डॉक्टर. खोकला दोन आठवड्यांवर गेला की आपल्याकडे आधी टीबीसाठी थुंकी तपासतात. ती स्वच्छ निघाली, एक्स-रेसुद्धा. माझ्या खोकल्याने तर आठ आठवडेही ओलांडले होते, म्हणजे जुनाटच. अशा वेळी नाकातून घशात उतरणारा शेंबूड, छुपा दमा, जेवून लगेच आडवं झाल्यावर घशापर्यंत चढणारं पोटातलं आम्ल, सगळ्यांची चौकशी होते. माझ्या घशाची झाली, आणि सगळे निर्दोष सुटले.

मग डॉक्टरांनी सहज विचारलं, "बीपीची गोळी कुठली चालू आहे?"

रॅमिप्रिल. या जातीच्या गोळ्यांनी रक्तदाब उतरतो, पण ब्रॅडिकायनिन नावाचं एक रसायन शरीरात मोडायचं राहून जातं. ते साचलं की काहींना कोरडी ढास लागते, तीही कधी कधी गोळी सुरू होऊन महिने लोटल्यावर. त्यामुळे तिच्यावर कुणाचा संशयच जात नाही. घरभर औषधं मांडून बसलो होतो आणि चोर औषधांच्याच डब्यात.

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. (मनाने बंद करायची नाही, हे दोनदा बजावलं.) ढास लगेच जाणार नाही, काही आठवडे लागतील म्हणाले. त्याच आठवड्यांत सासूबाईंनी काढ्यात मिरी वाढवली आणि काकूंनी गावाहून ताजा अडुळसा मागवला. खोकला गेला. सासूबाईंनी काढ्याची कृती कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली, 'जावईबापूंचा अनुभव' अशा मथळ्यासकट. खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. पहिला नमस्कार मलाच करावा लागला.