न्याहारीची माल्टमुक्ती

न्यू जर्सीतल्या कोणत्याही मोठ्या किराणा दुकानात सीरियलची, म्हणजे न्याहारीला दुधात घालून खायच्या तयार धान्याची, एक अख्खी गल्ली असते आणि तिथे मला उभे पाहून हा गृहस्थ कसल्या तरी परीक्षेची तयारी करीत असावा, असा लोकांचा समज होत असे. सीलिअ‍ॅक हा विकार जडलेल्या माझ्यासारख्या माणसाला गहू, जव आणि राय या धान्यांतले ग्लूटेन नावाचे प्रथिन आयुष्यभर वर्ज्य असते. ते पोटात गेले, की शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर चालून जाते. यांपैकी गहू निदान उघडपणे समोर येतो. जव मात्र लपून बसतो. मक्याच्या किंवा तांदळाच्या सीरियलमध्ये जवाचे काम काय, असे कोणीही विचारील. पण चवीसाठी त्यात जवाचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा अर्क, घालण्याची जुनी पद्धत आहे आणि तो घटकांच्या यादीत साखर-मिठाच्या मागे, चष्मा पुसल्याशिवाय दिसू नये अशा बेताने उभा असतो.

आमच्यासाठी वेगळा खण होता, नाही असे नाही. तिथली खोकी लहान, किंमत दांडगी आणि आतल्या मालाची चव बाहेरच्या पुठ्ठ्याशी इमान राखणारी. आई कोल्हापुराहून फोनवर सांगे, “मग पोहे खा की!” पोह्यांवर माझा राग नव्हता, पण फोडणीतल्या बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे तिला सांगितल्यावर तिने हिंगाऐवजी माझ्या डॉक्टरांवरच संशय घेतला.

२००८ साली जनरल मिल्स या कंपनीने राइस चेक्स या आपल्या तांदळाच्या सीरियलमधला जवाचा माल्ट काढून त्या जागी मळी घातली. साखर कारखान्याच्या वाऱ्याच्या दिशेला वाढलेल्या मला मळी म्हणजे नाक दाबून पळायचे निमित्त एवढेच ठाऊक होते. तीच आपल्या न्याहारीची तारणहार ठरेल, असे भविष्य कोणी वर्तवले असते तर मी त्याला दक्षिणा दिली नसती. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणवण्यासाठी दहा लाख भागांत २० भागांपेक्षा कमी ग्लूटेनची मर्यादा घातली आणि २०१५ मध्ये त्याच कंपनीचे ओट्सचे सीरियल चीरिओसही त्या पंगतीला बसले. ओट्स आमच्यापैकी बहुतेकांना सोसतात, पण शेतात, ट्रकमध्ये आणि कोठारात त्यांत गहू-जवाचे दाणे मिसळतात. ते यंत्रांनी वेचून काढण्याचा खटाटोप कंपनीने केला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या लोडाय येथील कारखान्यात गव्हाचे पीठ शिरले आणि सुमारे १८ लाख खोकी परत मागवावी लागली, तेव्हा यादी वाचण्याची माझी सवय मी सोडली नव्हती याचे मला, थोड्याशा दुष्टपणाने का होईना, समाधान वाटले.

तरीही चारचौघांसारखे, चारचौघांच्याच खणातले, सवलतीचे कूपन लावून आणलेले खोके हातात घेण्याचे सुख औरच होते. अडचण एकच झाली. माझ्या जुन्या महागड्या खोक्याला घरात कोणी स्पर्श करीत नसे, ते महिनोन्‌महिने सुरक्षित राही. हे नवे मात्र मुले शनिवारी सकाळी, मी उठण्यापूर्वीच, तळापर्यंत झाडून खातात. तक्रार केली तर धाकटा तोंडातला घास न गिळताच सुचवतो, “बाबा, तू तुझं ते जुनंच आण ना, ते कोणी संपवत नाही.”