‘पिवळट’ दिसणारा पांढरा चुकीचा नसतो

रंग खुलावेत म्हणून टीव्ही नेहमी ‘व्हिव्हिड’ या पिक्चर मोडवरच ठेवावा, ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडमध्ये चित्र पिवळट पडते, आणि त्याच मॉडेलसाठी कुणीतरी दिलेले सेटिंगचे आकडे भरले की कॅलिब्रेशनची, म्हणजे उपकरणाने रंग मोजून टीव्ही जुळवून घेण्याची, गरज उरत नाही, असे सांगणारा एक संदेश बराच फिरतो आहे. त्यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

पिवळटपणाचा आक्षेप आधी घेऊ, कारण बाकीचा गैरसमज त्यातूनच निघतो. टीव्हीवरचा पांढरा रंग कुणाच्या आवडीवर सोडलेला नाही. एचडी प्रसारणाच्या रेक. ७०९ या मानकात तो ‘डी ६५’, म्हणजे सुमारे ६,५०० केल्विन (हे रंगतापमानाचे एकक; आकडा वाढेल तसा उजेड निळसर), असा ठरलेला आहे आणि कलरिस्ट ज्या मॉनिटरसमोर बसून चित्रपटाचे किंवा कार्यक्रमाचे रंग ठरवतो तो याच पांढऱ्याला जुळवलेला असतो. व्हिव्हिड मोडमधला पांढरा बहुधा याहून बराच निळसर असतो. तो डोळ्याला अधिक उजळ भासतो, म्हणून दुकानाच्या झगझगाटात उठून दिसतो. घरी मात्र नजर त्यालाच सरावते आणि मग खरा पांढरा समोर आला की तो पिवळा वाटतो. आठवडाभर ‘सिनेमा’ मोड ठेवून पुन्हा व्हिव्हिड लावून पाहावे, निळी झाक लगेच जाणवते.

व्हिव्हिडमध्ये रंग ‘खुलतात’ हेही खरे नाही. कसोटी सामन्यात गोलंदाजाच्या पांढऱ्या सदऱ्यावरच्या चुण्या पाहाव्यात: कॉन्ट्रास्ट ताणला की त्या पुसल्या जातात, आणि सदऱ्याच्या जागी नुसता पांढरा ठिपका उरतो. चेहरेही तांबूस होतात. जे तपशील नाहीसे झाले त्याला खुलणे कसे म्हणावे?

आकडे उतरवून घेण्याचा सल्ला अर्धा बरोबर आहे. मोड, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते ठरवणारे सेटिंग), ‘वॉर्म’ रंगतापमान, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (दृश्यागणिक कॉन्ट्रास्ट आपोआप बदलणारी सोय) बंद करणे, एवढे खुशाल उचलावे. बहुतेक घरांना तेवढे पुरतेही. परंतु व्हाइट बॅलन्सचे, म्हणजे पांढरा जुळवण्यासाठीचे, लाल-हिरवा-निळ्याचे आकडे त्या एका पॅनेलवर मापक (रंग मोजणारे उपकरण) ठेवून काढलेले असतात, आणि एकाच मॉडेलचे दोन पॅनेल तंतोतंत सारखे नसतात. पाऱ्याचा दिवा असलेल्या प्रोजेक्टरच्या बाबतीत तर हा सल्ला मुळीच चालत नाही, कारण त्या दिव्याचा उजेड तासागणिक मंदावतो, त्याचा रंग सरकतो, आणि चित्र पडद्याऐवजी फिक्या पिवळसर भिंतीवर पडत असेल तर त्या भिंतीचा रंग प्रत्येक दृश्यात मिसळतो. अशा ठिकाणी मापकच हवा, आणि मोजणी त्याच खोलीत, त्याच भिंतीवर व्हायला हवी.