तारण म्हणजे काय रेशनकार्ड आहे का?

आज आत्याच्या मातीहून आले आणि तेव्हापासून डोकं सणकलंय, म्हणून लिहितेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पाळकांनी कबरेशी नीट चार शब्द सांगितले, प्रार्थना झाली, आणि मग कुणाच्या तरी ओळखीचे एक प्रचारक पुढे आले. म्हणे बहिणीने शेवटी संगती, म्हणजे चर्चला येणं, सोडलं, तारण (येशूवरच्या विश्वासाने पापातून होणारी सुटका) मिळतं पण टिकवावं लागतं, तिच्यावरून आपण सावध व्हावं. अरे माती तरी पडू द्या की पुरती! आणि तारण काय रेशनकार्ड आहे का, चार वर्षं दुकानात आली नाही म्हणून नाव कमी केलं?

हो, नव्हती येत ती. 30 वर्षं संडे स्कूल घेतलं, नगरातल्या किती पोरांकडून तेविसावं स्तोत्र घोकून घेतलं, आणि दादा गेला तसं सगळं बंद. पाळक घरी आले की चहा द्यायची पण प्रार्थनेला डोळे मिटायची नाही, टक लावून भिंतीकडे बघत बसायची. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर नि द्राक्षरस घेतात त्या, टेबलावर जे पांढरं कापड असतं ना, ते तिनेच धुतलेलं असायचं. खळ घालून, कडक इस्त्री करून शनिवारी संध्याकाळी माझ्या हातात द्यायची, "जा, देऊन ये." एकही महिना चुकला नाही. देवाशी अबोला होता पण त्याचं कापड मळकं राहिलेलं तिला चालत नव्हतं, आता याला काय म्हणायचं ते त्या प्रचारकांनी सांगावं.

बायबलातलं इब्री 6, विश्वासातून पडलेल्यांना परत आणणं अशक्य म्हणणारं, मलाही माहितीये, कमेंटमध्ये टाकू नका. अवघड वचन आहे, मान्य. जाणूनबुजून पाठ फिरवणारेही असतील, नाही म्हणत नाही. मेथडिस्ट पंथ ज्यांच्यापासून सुरू झाला ते जॉन वेस्ली म्हणायचे तारण गमावता येतं, तिकडे हॉलंडमध्ये 1618-19 ला डॉर्टच्या धर्मसभेने ठरवलं की देवाने निवडलेला कायमचा गळून पडत नाही. आपली सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) 1970 ला नागपुरात एक झाली तेव्हा त्यात मेथडिस्टही आले, बाप्टिस्टही आले, आणि तरी एकाच टेबलाशी गुडघे टेकतोच ना आपण? त्याच टेबलाशी, ज्याचं कापड आत्या धुवायची!

येशूचा शिष्य पेत्र, त्याने तर तीनदा तोंडावर सांगितलं, मी येशूला ओळखत नाही. आत्याने तेवढंही कधी म्हटलं नाही. "माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही" हे योहान 10 मधलं येशूचं वचन तिनेच आम्हाला शिकवलं होतं, छडी घेऊन.

तो प्रचारक तसा पोरगाच होता, 25-26 चा, बोलताना हात थरथरत होते त्याचे. त्यालाही लहानपणी कुणीतरी असंच भिववलं असेल. राग निम्मा तिथेच गेला खरं तर. पण निम्माच.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. कापड माझ्याकडे आहे, आणि खळ किती पातळ करायची ते मी तिला कधी विचारलंच नाही.