निराधारांचे पैसे सरसकट २५०० झालेले नाहीत

‘संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळच्या सर्व लाभार्थ्यांना आता २५०० रुपये’ हा मेसेज गावागावांत फिरतोय. तो अर्धवट आहे. राज्य सरकारच्या या दोन मासिक मदतीच्या योजनांतली ऑक्टोबर २०२५ पासूनची १००० रुपयांची वाढ फक्त दिव्यांग लाभार्थ्यांसाठी आहे. त्या निर्णयात विधवा, परित्यक्ता, वृद्ध नाहीत. त्यांना जुलै २०२३ मध्ये ठरलेले १५००च.

आमच्या शेजारच्या आजी हा मेसेज ऐकून पासबुक भरून घ्यायला तालुक्याला गेल्या. जाण्यायेण्याचं भाडं गेलं, जमा १५००च. त्यातून महिन्याच्या बीपीच्या गोळ्या, गॅस, तेल, डाळ. उरतं काय? मला तरी हे पैसे पुरेसे वाटत नाहीत, आणि ते स्पष्ट म्हटलं पाहिजे.

‘केंद्र भरपूर देतं’ हेही खरं नाही. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांच्या पेन्शनमध्ये ८० वर्षांखालील व्यक्तीमागे केंद्राचा वाटा २०० रुपये. तो २००६ सालचा आहे! बाकीचे राज्य घालतं. वर या योजनांच्या पात्रतेसाठी, दिव्यांग सोडून इतरांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं, म्हणजे महिन्याला १७५०. एवढ्यात कुठलं घर चालतं?

तेव्हा २५०० मिळवून देतो म्हणत कुणी फॉर्मचे पैसे मागत असेल, तर देऊ नका. तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत विचारा.