मैत्रिणीच्या बाळाच्या दुधाविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मैत्रिणीच्या बाळाविषयी मी लिहिलेल्या लेखावरील आपली सविस्तर प्रतिक्रिया मिळाली. अंगणवाडीची मुख्य सेविका म्हणून ज्यांनी उभी नोकरी केली, त्यांनी वेळ काढून इतके लिहिले असताना दोन ओळींत उत्तर आटोपणे मला बरे वाटेना. आपला मुख्य आक्षेप असा की, अडीच महिन्यांच्या बाळाचे अंगावरचे दूध तुटून डब्याचे दूध सुरू झालेले पाहूनही मी त्याबद्दल मैत्रिणीला काही म्हटले नाही, आणि बोलले ते पावडर व पाण्याच्या मापाबद्दल. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. अशा भिडस्त मैत्रिणींमुळेच पावडरवाल्यांचे फावते, असे आपण पुढे म्हणता. मधाबद्दल मी विनाकारण भीती घातली, अशीही आपली तक्रार आहे.

आईच्या दुधाच्या श्रेष्ठत्वाबद्दल आपल्यात वाद नाहीच. जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळाला अंगावर घ्यावे, पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीही देऊ नये आणि त्यानंतर वरच्या आहाराबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पाजत राहावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मी त्या लेखातही दिली होती. प्रश्न एवढाच आहे की, माझ्या मैत्रिणीला हे माहीत नव्हते का? रुग्णालयाच्या भिंतीवर ते लिहिलेले होते, आत्याने सांगितले होते, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितले होते, आणि बारशाला आलेल्या प्रत्येकीने "अंगावरच पाजतेस ना?" असे विचारून झाले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे रुग्णालयात झालेली दिसतात, तरी जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेल्या मुलांचे प्रमाण ४१.८ टक्केच आहे. आई डॉक्टर-नर्सच्या डोळ्यांसमोर असतानाही पहिला तास असा निसटत असेल, तर दोष आईच्या अज्ञानाला देऊन भागणार नाही.

तिच्या बाबतीत झाले ते असे. बाळंतपण सिझेरियनने झाले. पहिल्या रात्री बाळाला पावडरचे दूध पाजले गेले, आणि घरी जाताना चिठ्ठीवर औषधांच्या खाली डब्याचे नाव लिहून मिळाले. बालदुग्ध पर्यायांविषयीचा १९९२ चा कायदा आणि त्यातील २००३ ची दुरुस्ती आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. जाहिरात बंद, फुकट नमुने बंद, डब्यावर बाळाचे चित्रही बंद. पण दवाखान्याच्या चिठ्ठीवर नाव आले, की कंपनीला जाहिरातीची गरजच उरत नाही. पावडरवाल्यांचे फावते ते इथे फावते, असे माझे मत आहे. माझ्या भिडस्तपणापर्यंत ती गोष्ट येईतो बराच उशीर झालेला असतो.

तिची आई हयात नाही, त्यामुळे माहेरचा सव्वा महिना तिच्या वाट्याला आला नाही. सासूबाई प्रेमळ आहेत, परंतु गुडघ्यांनी अधू. आळिवाचे आणि डिंकाचे लाडू डबा भरून आले. बाळ छातीशी नीट धरले आहे का, त्याच्या तोंडात नुसती बोंडी जाते आहे की भोवतीचा काळसर भागही जातो आहे, हे शेजारी बसून पाहणारे मात्र कुणी आले नाही. पकड चुकली की चिरा पडतात, चिरा पडल्या की पाजणे नकोसे होते, आणि जितक्या वेळा बाळाला डब्याचे दूध मिळते तितक्या वेळा ते आईला ओढत नाही, म्हणून दूध उतरणेही कमी होत जाते. आपल्या आशाताई रुग्णालयातील बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात. नागपुरात मानेवाड्यातल्या तिच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटची घंटा मात्र त्यांच्यापैकी कुणी वाजवली नाही, आणि खाजगी रुग्णालयाने तर टाके काढल्यावर लसीची तारीख दिली, एवढेच. ज्या आठवड्यात बोलण्याचा उपयोग होता, त्या आठवड्यात तिला हवी होती ती शेजारी बसणारी जाणती बाई. आणखी एक उपदेश तिथे काही कामाचा नव्हता.

मी अगदीच गप्प राहिले, असेही नाही. सुटलेले दूध पुन्हा आणता येते, त्यासाठी बाळाला वरचेवर अंगावर घ्यावे लागते आणि जाणकाराची मदत घेतली तर ते सोपे जाते, हे मी तिला एकदा सांगितले व सोबत येण्याची तयारी दाखवली. ती म्हणाली, "आता नको गं, माझ्यात ते बळ नाही." त्यानंतर मी तो विषय काढला नाही आणि पुढेही काढणार नाही. आपल्याला हा भिडस्तपणा वाटतो. मला वाटते, रात्री तीन-तीनदा उठणाऱ्या बाईने विचार करून दिलेले उत्तर एकदा ऐकून घेतले की पुरे.

आता मापाविषयी. आपण ज्याला सोमेश्वर म्हणता, खरी आग तिथेच होती, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

मे महिन्याची दुपार होती, कूलर पूर्ण वेगाने चालू होता आणि तरीही घर तापलेले होते. तिने बाटलीत १२० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी घेतले, डब्यातल्या मापाच्या चमच्याने दोन चमचे पावडर घातली, झाकण लावून बाटली हलवली. तिच्या डब्यावर ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा, असे माप दिलेले आहे. म्हणजे चार चमचे हवे होते. काटकसरीचा यात काही संबंध नव्हता. सासूबाईंनी सांगितले होते, "घट्ट दूध लेकराले जड जाते, अन् उन्हाळ्यात त्याचा घसा सुकते." जन्माच्या वेळी बाळ २.८ किलोचे होते आणि दहाव्या आठवड्याच्या लसीच्या वेळी ३.७ किलो भरले. या वयात वजन दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅमने वाढायला हवे. याचे जेमतेम १३ ग्रॅमने वाढत होते. डॉक्टरांनी वजन कमी असल्याचे सांगून दूध वाढवायला सांगितले, तेव्हा घरात बाटल्या वाढल्या, पण त्या सगळ्या त्याच पातळ दुधाच्या. माप कसे घेता, हे कुणी विचारलेच नाही.

अर्ध्या मापाच्या दुधात पोषणही अर्धेच असते, हे उघड आहे. त्याहून धोक्याचे म्हणजे एवढ्याशा मूत्रपिंडांना जादा पाणी बाहेर टाकता येत नाही, रक्तातील सोडियम उतरते, बाळ मलूल होते आणि प्रकरण झटके येण्यापर्यंत जाऊ शकते. उन्हाळ्यात बाळाला पाणी हवेच, ही समजूत तर आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर गेला की घरोघरी ऐकू येते. आईच्या दुधात साधारण ८८ टक्के पाणीच असते आणि योग्य मापाने केलेले पावडरचे दूधही बहुतांशी पाणीच असते. तहान लागली तर बाळाला आणखी एकदा दूध पाजायचे असते, हे आपण वस्त्यांमधून किती वेळा सांगितले असेल.

सासूबाईंचे म्हणणे कुठून आले असावे, याचा मी नंतर विचार केला. त्यांच्या घरी म्हशीचे दूध येत असे आणि लहान मुलाला ते पाणी घालूनच देत. म्हशीच्या दाट, स्निग्ध दुधाच्या बाबतीत त्या रिवाजाला काही आधार असेलही, जरी वर्षाच्या आतील बाळासाठी म्हशीचे काय किंवा गाईचे काय, दोन्ही दुधे आज योग्य मानली जात नाहीत. पावडरच्या डब्यात ते पाणी आधीच हिशेबात धरलेले असते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. म्हणून "तुमचे चुकले" असे न म्हणता मी डबा हातात घेतला आणि त्यावरचा बारीक अक्षरांतील तक्ता दोघींना मोठ्याने वाचून दाखवला. पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांहून अधिक गरम असतानाच त्यात पावडर घालावी, हेही त्याच वेळी सांगितले. पावडर निर्जंतुक नसते आणि तिच्यातील जंतू कोमट पाण्याने मरत नाहीत. मग बाटली नळाखाली धरून निववायची, मनगटावर थेंब टाकून पाहायचा, आणि दोन तासांत न संपलेले दूध ओतून द्यायचे. सासूबाईंनी पदराने चष्मा पुसून तो तक्ता स्वतः पुन्हा पाहिला व म्हणाल्या, "मंग चार टाक ना वं." चौदाव्या आठवड्याला वजन ४.५ किलो भरले.

समजा, त्या दुपारी मी आपण म्हणता त्याप्रमाणे स्तनपानाच्या महतीपासून सुरुवात केली असती, तर काय झाले असते? माझा अंदाज असा की, तिने डबा कपाटात ठेवला असता, चहा केला असता, आणि पुढच्या वेळी मी येणार म्हटल्यावर बाळाला आधीच पाजून निजवले असते. मग ते दोन चमचे माझ्या नजरेला पडले नसते. ज्याने आज, आत्ता बाळाला अपाय होतो आहे, ते मी बोलते, वाईटपणा आला तरी बोलते. ज्यात अधिक चांगले काही हुकले आहे आणि ज्याचे आईला आधीच वाईट वाटते आहे, त्यावर मी तिला पुन्हा टोचत नाही. बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरावा, हा आपला आग्रह मला मान्य आहे. मी तसे सुचवले होते, तिने काही दिवस केले, मग सोडले. बाटली आणि बूच रोज उकळले जाते ना, एवढे मी विचारते.

मधाबाबत मात्र मी तसूभरही मागे येणार नाही. आपल्या दोन्ही मुलांना सोन्याच्या अंगठीने मध चाटवला आणि काही झाले नाही, हे खरेच असणार, कारण मधातून बाळाला होऊ शकणारा बोट्युलिझम हा आजार दुर्मीळ आहे. परंतु मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात रुजू शकतात, आणि मध कोमट केल्याने किंवा उकळल्यानेही ते हमखास मरत नाहीत. त्यातून बाळाचे स्नायू लुळे पडतात आणि श्वासावर बेतते. बदल्यात मधाने बाळाला मिळते काय, तर केवळ गोडी. इथे मी मैत्रिणीशीही बोलले आणि तिच्या नणंदेशीही, आणि त्यात भीड ठेवली नाही. गुटीबद्दल आपण विचारले आहे. सहा महिन्यांच्या आत तीही नको, असेच मी म्हणेन, आणि ज्या घरात ती दिली जातेच तिथे निदान सहाण आणि पाणी उकळलेले असावे.

बाळ आता सहाव्या महिन्याकडे झुकले आहे आणि पुढची चिंता मला दिसू लागली आहे. सासूबाईंनी उष्टावणानंतर "वरणाचं पाणी" द्यायचे ठरवून ठेवले आहे. ताटात टाकल्यावर ओघळणार नाही असे घट्ट वरण, मऊ भात, वर चमचाभर तूप, हे उष्टावणानंतरच्या पहिल्या आठवड्यांपासून चालते आणि वरच्या पाण्यात पोट भरण्यासारखे काही नसते, हे त्यांना पटवायचे आहे. या वेळी हाताशी वाचून दाखवायला डबा नाही. इतकी वर्षे वस्त्यांमध्ये सासवांसमोर बसून आपण हेच काम केले आहे. त्यांच्यापुढे वाटी ठेवून आपण नेमके काय म्हणत होता आणि कोणत्या बोलण्याने त्या ऐकत, ते आपल्या पुढच्या प्रतिक्रियेत लिहाल का? उष्टावण पुढच्या महिन्यात आहे.