लक्सो ज्युनिअर 'जगातला पहिला' नव्हे

उड्या मारणाऱ्या टेबललॅम्पची एक क्लिप सध्या व्हॉट्सॲपवर फिरतेय. सोबतचा मजकूर: 'कॉम्प्युटरवर तयार झालेला जगातला पहिला ॲनिमेशनपट, १९८६, ऑस्कर विजेता.' यातलं साल तेवढं बरोबर आहे.

क्लिपमधला 'लक्सो ज्युनिअर' हा पिक्सार या अमेरिकी ॲनिमेशन स्टुडिओचा जेमतेम दोन मिनिटांचा लघुपट, दिग्दर्शक जॉन लॅसेटर. ऑस्करचं नामांकन त्याला मिळालं, पुरस्कार नाही. पिक्सारला लघुपटाचं ऑस्कर मिळालं ते पुढे 'टिन टॉय'मुळे, आणि तो १९८८ चा.

'पहिला' तर मुळीच नाही. १९७२ मध्ये यूटा विद्यापीठात एड कॅटमुल आणि फ्रेड पार्क यांनी हाताचा पंजा पडद्यावर हलवून दाखवला होता. कॅटमुलनं आपल्या डाव्या हाताचा साचा घेतला, त्यावर शाईनं सुमारे ३५० त्रिकोण-बहुकोन आखले आणि त्यांच्या कोपऱ्यांचे बिंदू मोजून कॉम्प्युटरला दिले. केवढा उपद्व्याप! हाच कॅटमुल पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक. त्याच्याही आधी, १९६८ मध्ये, सोव्हिएत संघात बेस्म-४ या कॉम्प्युटरवर एक मांजर चालली. पडद्यावर नव्हे, कागदावर! प्रिंटर अक्षरचिन्हांतून एकेक चित्र छापायचा आणि मग ते फिल्मवर उतरवलं जायचं.

म्हणून दिव्याचं मोल कमी होत नाही. लघुपटातल्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन्ही दिव्यांना ना डोळे, ना तोंड. तरी चेंडू फुटल्यावर धाकट्याची मान खाली जाते आणि आपल्याला त्याची कीव येते. क्लिप जरूर पाठवा, फक्त खालचा मजकूर तेवढा काढून टाका.